पोलिसी कुत्रं
डिझेलच्या धुरानं मेकॅनिकचं नाक कधीच मेलं होतं, म्हणून गाड्या हुंगायचं काम बायकोकडे. "माझं पोलिसी कुत्रं," तो गिऱ्हाइकांना हसत सांगायचा. आज तिचा धाकटा भाऊ पिकअप घेऊन आला होता. "ऑइल जळल्याचा वास येतोय, दाजी. माल भरून घाट चढायचाय. तुम्हीही चला सोबत." तिनं हुंगून बोट दाखवलं तिथलं गॅस्केट नवऱ्यानं बदललं, इंजिन तापवलं. "घे वास." ती वाकली. जळक्या ऑइलचा वास अजूनही येत होता; इंजिनामागच्या ऑइलच्या पाइपातून थेंब तापलेल्या सायलेन्सरवर ठिबकत होते. चढावर गाडी पेट घेणार नक्की. तिचं लक्ष स्वतःच्या तळहातावरच्या डागाकडे गेलं. नवऱ्यानं तो हात अशाच सायलेन्सरवर दाबला होता. माहेरी पळाली, तर "कुठं काय झालंय, ताई?" म्हणत भावानंच तिला परत आणून सोडलं. "कुठं येतोय वास?" ती म्हणाली. "जा दोघं बिनघोर."