अख्खं हसू

"ओठ सांधा, टाके घाला, पण ती सुई नको," बाळाची आई पुन्हा म्हणाली.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. उद्या सकाळी शस्त्रक्रिया, आणि ही बाई अजून अडूनच बसलेली. मांडीवरची पोर मात्र खुशाल होती. वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला, तरी दिसेल त्याच्याकडे बघून हसत होती. हसली की फट आणखी रुंदावायची.

"ओठ क्षणभर स्वस्थ नसतो," डॉक्टरबाई समजावू लागल्या. "तो हलला की टाक्यांवर ताण येतो नि व्रण जाड होतो. या सुईतल्या औषधाने ओठाचा स्नायू सैल पडतो. व्रण रेघेसारखा बारीक भरतो. बोटॉक्स म्हणतात ते हेच."

"नट्या घेतात ते?" दाराशी टेकून उभा असलेला बाप म्हणाला. "घ्या! आमची पोर दात येण्याआधीच नटी झाली."

तो हसला आणि हसता हसता खोकू लागला. गिलाव्याची कामं करणारा माणूस. नखांत सिमेंट, भुवयांवर धूळ. खोकत खोकत तो बाहेर गेला. याला कशाचंच गांभीर्य नाही, बाईंच्या मनात आलं.

"हे औषध मुळात विष आहे म्हणून घाबरता का? अगदी थेंबभर असतं."

"विषाला नाही भीत मी. पण ती हसायची कधी?"

"हसेल की. फक्त वरचा ओठ साथ देणार नाही. तीन-चार महिने. मग बघा, कसं अख्खं हसते ते."

"तीन-चार महिने," आई पुटपुटली. तिने दाराकडे पाहिलं.

बाईंचा धीर सुटला. "अहो, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे! तेवढ्यात काय आभाळ कोसळणार आहे?"

आईने मान खाली घातली आणि पोरीच्या टाळूवर गाल टेकवला. बाप तोंड पुसत आत आला.

"द्या सुई, बाई. ओल्या गिलाव्याला हात लागला की भिंत जन्मभर डाग दाखवते."

"अहो, पण तुम्हालाच बघायचं होतं ना तिला अख्खं हसताना?" आई त्याला म्हणाली. "रोज तेच तर बोलता."

"म्हणून काय पोरीचा ओठ बिघडवू? वेडी का काय तू!"

बाईंना आता हसू आलं. एवढ्यासाठी अडली होती होय ही! "मग बघाल की! चार महिन्यांनी या, मी स्वतः हसवून दाखवते."

त्याने वाकून पोरीच्या हनुवटीला बोट लावलं. ती हसली. तो बराच वेळ बघत राहिला.

"छातीच्या डॉक्टरांनी मला तेवढे महिने दिलेले नाहीत, बाई," तो म्हणाला. "माझ्या वाटचं तुम्हीच बघून घ्या."