कडी नसलेलं दार

भामाबाईंचा हात वाचला, बांगडी गेली. पत्रा दाबायची प्रेस खाली येताना त्यांनी हात झटक्यात मागे ओढला, पण सैल बांगडी साच्यात अडकली आणि पत्र्यासकट चपटी झाली. कुपवाडच्या त्या शेडमध्ये सगळ्यांचे हात थांबले. मालकांचा पुतण्या, वीरधवल, तेवढा थांबला नाही. पुढचा पत्रा लावा, म्हणाला.

स्वप्नालीने प्रेस बंद केली आणि कॉम्प्युटर उघडला. प्रेस चालवणारा प्रोग्रॅम तिनेच लिहिला होता. बाहेरून हुकूम आला की आधी सेन्सरला विचारायचं, साच्यात हात नाही ना. नाही म्हटलं तरच आतली ‘_दाब’ नावाची मेथड, म्हणजे प्रेस खाली आणणारा प्रोग्रॅमचा तुकडा, चालायची. नावाआधीची ती आडवी रेघ म्हणजे खूण, ही आतल्या कामाची आहे, बाहेरून कुणी हात लावू नये. प्रोग्रॅम पायथन भाषेत होता, आणि पायथनमध्ये असल्या मेथडला कुलूप नसतं. खूण करायची आणि बाकीचं माणसांवर सोडायचं, असा त्या भाषेचा रिवाज.

वीरधवलने प्रेसच्या नव्या स्क्रीनवरचं बटण सरळ ‘_दाब’ला जोडलं होतं. सेन्सरला विचारणं वगैरे काही नाही.

तो कागदातलं भडंग खात तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. तपासणीत फार वेळ जातो, माल निघाला पाहिजे, काका ओरडतात, असं बरंच सांगून झालं.

“नावाआधीची रेघ दिसली नाही तुम्हाला?” तिने विचारलं.

“दिसली की. पण भाषेनं कुठं अडवलं? एवढंच होतं तर लॉक टाकायचं.” तेलकट बोटं त्याने तिच्याच खुर्चीच्या पाठीला पुसली. “आणि हात गेला का बाईंचा? न्हाई न्हवं?”

नसती दिसली तर तिने समजून घेतलं असतं. चुकतं माणसाचं. याला दिसली होती, कळली होती, आणि तरी याने आत हात घातला होता. स्वप्नालीला शिसारी आली. दोन रेघा मारल्या असत्या तरी ज्याला घुसायचंय तो घुसतोच, हे तिला सांगता आलं असतं. पण त्याच्याशी बोलायचीच किळस वाटली.

तिने त्याची ओळ उडवली. सेन्सरला विचारायचं काम ‘_दाब’च्या पोटातच घातलं, म्हणजे कुणी कुठूनही आलं तरी आधी हात तपासला जाईल. मग साच्यात लाकडाची फळी धरून त्याच्या देखत बटण दाबलं. प्रेस वरच थांबली. वीरधवल खांदे उडवून काकांना फोन लावायला बाहेर गेला.

शेडमागे बायकांची कपडे बदलायची खोली होती. तिच्या दाराची कडी कधीची तुटलेली. कुणी बसवली नाही, कुणाचं अडलंही नाही. आत जाणारीने बाहेरच्या खिळ्याला ओढणी अडकवायची, की पुरुषमाणूस त्या अंगाला फिरकायचा नाही. इतकी वर्षं तसंच चाललं होतं.

भामाबाई आत नळाखाली मनगट धरून उभ्या होत्या. मनगटावर लाल वळ उठला होता. स्वप्नालीने बाहेर ओढणी अडकवली, दार लोटलं आणि ड्रेसच्या बटणाला हात घातला. हात तिथेच थांबला. कोपऱ्यातला लोखंडी स्टूल तिने फरफटत आणलं आणि दाराला लावलं.

भामाबाईंनी वळून पाहिलं. “आगं, बाहीर वढणी लावलीया की. मग ह्ये स्टूल कशाला?”

स्वप्नालीने पायाने स्टूल आणखी घट्ट रेटलं.