पान एकशे एकतीस

फळ्यावर प्राध्यापकाने सकाळी लिहिले होते : ‘आज बारा वाजता आपण कादंबरी संपवतो आहोत.’ त्याखाली महिनाभर न पुसलेला नियम होता : ‘मागचे वाचायचे नाही. खोडायचे नाही.’

“सर, ‘आपण’ म्हणजे तुम्हीही लिहिताय?” पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले. वर्ग तिला घाईबाई म्हणे.

“मी तपासतोय.”

“मग ‘तुम्ही संपवताय’ म्हणा ना! माझा नायक पान पन्नासपासून न्हाव्याच्या खुर्चीत बसलाय. उठायचं नाव नाही.”

“डोक्यावर केस तरी उरलेत का त्याच्या?” मागून कुणीतरी म्हणाले.

हशा पिकला आणि विरला. बावीस पेने पुन्हा कागदावर सरकू लागली. प्रत्येकाची स्वतःची कादंबरी : तीस दिवस, दोनशे पाने. बाराची घंटा झाली की पेन खाली, आणि वही असेल तशी टेबलावर.

बाराला वीस मिनिटे उरली असताना शेवटच्या बाकावरून मौनी उठून आली. हे नावही वर्गानेच ठेवलेले; महिनाभरात प्रश्न घेऊन ती टेबलापाशी प्रथमच येत होती. तिने पान एकशे एकतीस उघडून समोर धरले. तिथल्या ‘आम्ही’ या शब्दाभोवती प्राध्यापकाने काल लाल गोल केला होता आणि समासात लिहिले होते : ‘सुसंगती?’

“सर, ही चूक आहे का?”

प्रश्न व्याकरणाचा होता. उत्तर तयार होते.

“एकशे तीस पानं तू ‘आपण’ लिहिलंयस. आपण खिडकीतून उतरलो. आपण ताप आल्याचं खोटं सांगितलं. नायिका बहिणीशी बोलतेय, म्हणजे ऐकणारी त्यात आहे. आणि इथे एकदम ‘आम्ही जेवून घेतलं’. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारी बाहेर.”

“हो.”

“मग इथे ती कुणाशी बोलतेय?”

“ताईशीच.”

“आणि ‘आम्ही’ म्हणजे कोण?”

“मी आणि आई-बाबा.” ती अडखळली. “म्हणजे नायिका. आणि तिचे आई-बाबा.”

त्याने वही आपल्याकडे वळवली. पान एकशे तीसवर ताई एक बॅग घेऊन, घरच्यांना न पटलेल्या माणसाबरोबर निघून गेली होती. पुढच्या पानावर : आम्ही जेवून घेतले. आम्ही तुझा पलंग गच्चीवर ठेवला. आम्ही कुलूप बदलले. त्यापुढची सगळी पाने ‘आम्ही’चीच होती.

“मुद्दाम केलंस?”

“नाही सर. मागचं वाचायचं नाही म्हणालात, मी वाचलंच नाही. काल तुमचा गोल पाहिला तेव्हा कळलं, मी केव्हाच आई-बाबांच्या बाजूला जाऊन बसलेय.” तिने वहीचा कोपरा दुमडला, पुन्हा सरळ केला. “शेवटचं वाक्य राहिलंय. उद्या वही परत मिळाली की ताईला देणार आहे. दोन वर्षांनी भेटतोय आम्ही. त्या वाक्यात काय लिहू?”

तिने नुकत्याच उच्चारलेल्या शब्दापाशी तो थबकला. या ‘आम्ही’त ताई आत होती, बाहेर होता तो.

महिनाभर त्याच्याकडे प्रत्येक अडचणीवर तोडगा होता. कथा अडली तर दार वाजवा, पात्र गप्प बसले तर त्याला भूक लागू द्या. आता फळ्यावरच्या नियमाने पाहिले तर ‘आम्ही’च पुढे चालायला हवे होते; समासातल्या शेऱ्याने पाहिले तर ‘आपण’ परतायला हवे होते. यातले खरे कोणते, आणि ते ठरवणारा तो कोण, हे त्याला उमगेना. तो गोल त्याने चहाचा घोट घेता घेता मारला होता.

“मला कळत नाही,” तो म्हणाला. त्या खोलीत हे वाक्य त्याने आजवर उच्चारले नव्हते.

तिने वही मिटली. मग वही छातीशी धरून जागेवर गेली.

त्यानंतर तो तिच्याकडेच पाहत राहिला. तिचे पेन कागदावर टेकलेले होते, हलत नव्हते.

घंटा झाली.

“पेन खाली,” तो सवयीने म्हणाला, गरजेपेक्षा मोठ्याने.

“उठला एकदाचा खुर्चीतून!” घाईबाई ओरडली. बाके सरकली, टेबलावर वह्यांचा ढीग चढला. मौनीची वही सर्वांत शेवटी आली. ती त्याने हातात घेईपर्यंत मौनी दाराबाहेर गेली होती.

त्याने शेवटचे पान उघडले. अगदी तळाशी, नव्या ओळीवर, शाई खोल उमटेल इतके दाबून काढलेले एकच अक्षर होते.

आ