नाव घ्या, आजी

“पासवर्ड ठाऊक हाय रे बाबा, पन थे माह्या मालकाचं नाव हाय. मी कसं घेऊ?” सोजरबाई फोनवर म्हणाली अन् या वयात चक्क लाजली.

अनसिंग गावातल्या घरी ती ओट्यावर तूर पाखडत बसली होती. नात संस्कृती न्हाणीत. नर्सिंगच्या प्रवेशाचा फोन आला तर उचल, असं सांगून ती मोबाईल आजीजवळ ठेवून गेली होती. आला की फोन! माणूस बोलायला मोठा गोड. म्हणे, प्रवेश केंद्रातून बोलतो, पोरीचा अर्ज अडकलाय, ईमेलचा पासवर्ड सांगा, नाहीतर सीट गेली.

तो पासवर्ड ठेवताना संस्कृती खदखदून हसली होती. “आबाचं नाव टाकलं, आजी. तुह्या तोंडून तं थे निघनारच नाही!” खरंच होतं ते. नवऱ्याचं नाव सोजरबाईनं घेतलं ते फक्त उखाण्यात.

“बरं, मग उखाणा घ्या!” फोनवरचा म्हणाला. “आजी, होऊन जाऊ द्या एक.”

सोजरबाईनं सूप खाली ठेवलं. डोक्यावर पदर घेतला. आसपास कोणी नव्हतं, तरी आवाज बारीक केला.

“अनसिंगच्या स्टँडवर गाडी थांबते घडीभर, इंद्रभानरावाचं नाव पुरलं जल्मभर.”

“वा, आजी!” फोन कट.

संस्कृती ओल्या केसांनी बाहेर आली, तोच मोबाईलवर मेसेज: दुसऱ्या मोबाईलवर तुमचं ईमेल उघडलं जातंय, ते तुम्हीच का? आधार, मार्कशीट, फोटो, सही, सगळं त्या ईमेलमध्ये. ते हाती लागलं की कोणीही संस्कृती बनून कुठंही उभं राहील. पोरीनं झटकन ‘नाही’ दाबलं, त्याला बाहेर काढलं, नवा पासवर्ड टाकला. थोडक्यात निभावलं. मग आजीनं फोनचं सांगितलं, अन् ती आजीवर उखडली.

“साऱ्या जल्मात आबाचं नाव नाही घेतलं, अन् त्या चोराले सांगून बसली? काहून पन?”

सोजरबाई तुरीत बोटं फिरवत राहिली.

“तुहे आबा गेल्यापासून उखाना घे म्हननारा थोच पहिला भेटला, माय.”

नवरा गेला की बाईला लग्नात, हळदीकुंकवात कोणी नाव घे म्हणत नाही. काय मेली रीत! पण घरातल्या घरात संस्कृतीनं तरी कुठं कधी म्हटलं होतं? ती आजीला खेटून खाली बसली.

“आजी, मले आयकायचा हाय. घे ना.”

सोजरबाईनं पदर पुन्हा डोक्यावर ओढला. तोंड उघडलं, अन् थांबली. संस्कृतीच्या हातातल्या मोबाईलकडे बोट दाखवून म्हणाली,

“पहिले थो आत ठेवून ये.”