उस्तादाचा आवाज

नीतूचं फौजेत सिलेक्शन झालं तसं शेजारच्या देवरावकाकांनी तिला ट्रेनिंगसाठी तयार करायचं मनावर घेतलं. काका रिटायर्ड हवालदार, म्हणाले, “धावणं तुले जमते, पण तिथं कवायत शिकवणारा उस्ताद कानाशी येऊन असा ओरडते, का अर्ध्या पोरी रडाले लागतात.” मरोदा वसाहतीतल्या तिच्या क्वार्टरपुढं, ट्रेनिंगसाठी घेतलेल्या नव्या पत्र्याच्या पेटीशेजारी तिला सावधान उभं करून काका तिच्या कानात असे गरजले, की तारेवरची पाखरं उडाली. नीतूची पापणीही लवली नाही. “एवढंच? जोरानं ओरडा ना, काका!” ओरडून ओरडून काकांचाच घसा बसला. तिचे वडील तीस वर्षं पोलाद कारखान्यात, रूळ बनवणाऱ्या रेल मिलच्या खडखडाटात राबलेले. त्यांना ऐकू जावं म्हणून घरात सगळेच वरच्या पट्टीत बोलत. तेवढ्यात आतून आईनं हाक मारली, “भाऊजी, चाय ठंडी होऊन राहिली!” पेटीचं झाकण थरथरलं. काकांच्या टाचा खाडकन जुळल्या.