बांधातलं फावडं

म्हाताऱ्या क्राइननं फावड्याचं पातं बांधाच्या गवतावर टेकवलं, बुटाचा जोर दिला आणि ते दांड्यापर्यंत आत घातलं. मग हात झटकून बाजूला झाला. पाहुणे आले की हा खेळ ठरलेला. एकीकडं समुद्र, दुसरीकडं समुद्राहून खाली क्राइनचं कांद्याचं शेत, आणि मधे बांधावर तीसएक परदेशी पाहुणे, गळ्यात ओळखपत्रं, वाऱ्यात टोप्या सांभाळत उभे.

"हा आमचा जुना कायदा," लीसबेट म्हणाली. ती आमच्या पाणीमंडळाची अध्यक्ष, आणि शहरात चाललेल्या जागतिक पाणी परिषदेचीही. आवाज खणखणीत. "ज्याची जमीन, त्यानं आपल्यापुढचा बांध राखायचा. नाही झेपलं, तर बांधात फावडं रोवायचं आणि बायकापोरं घेऊन चालू लागायचं. जो ते उपसेल त्याची जमीन, त्याचं घर, आणि बांधही त्याच्याच गळ्यात."

फोटो निघाले. क्राइननं जांभई दिली. मंडळाचा जुना सभासद म्हणून परिषदेतही त्याला खुर्ची होती.

"आणि मंडळाच्या सभेतली खुर्ची?" मागून एका बाईनं विचारलं.

शाहेदा गाझी. बांगलादेशातल्या खुलना भागातली, पन्नाशीची, सुती साडीवर कुणाचा तरी उसना कोट. तिच्या गावाभोवतीचा बांध आणखी उंच करायचा ठराव दुपारी परिषदेत येणार होता, आणि गावाला तो नको होता. आधीच्या बांधानं नदीचा गाळ बाहेर अडवला. नदी वर आली, गाव खाली राहिलं, पावसाचं पाणी आत तुंबतं आणि पिकं कुजतात. बांध एका जागी फोडा, भरतीला आत येऊ द्या, गाळानं जमीन वर येईल, एवढंच तिला सांगायचं होतं. पण तिच्या ओळखपत्रावर 'निरीक्षक' लिहिलेलं. म्हणजे बघा, ऐका, जेवा आणि घरी जा. बोलायचं ते सभासदांनी, म्हणजे सरकारांनी, पैसे देणाऱ्यांनी आणि यजमान मंडळानं.

"खुर्चीही त्याचीच!" लीसबेट खुशीत येऊन म्हणाली. "जो बांध राखतो त्याला बोलायचा हक्क. शेकडो वर्षं आम्ही असेच जगलो. त्याचं तोंड बंद करायची राजाची छाती नव्हती."

"बाहेरगावचा असला तरी?"

"कुणी का असेना. पाणी कुठं नावगाव विचारतं?"

हे ऐकलं आणि शाहेदा पुढं आली. पदर कमरेला खोचला, दांडा दोन्ही हातांनी धरला, डावीउजवीकडं हलवला आणि फावडं उपसून काढलं. चिकणमातीचा गोळा तिच्या पायावर पडला. जन्मभर शेतात राबलेली बाई, तिला काय जड!

हशा पिकला, टाळ्याही पडल्या. लीसबेटही हसली. पण शाहेदा हसेना आणि फावडंही सोडेना, तेव्हा लीसबेटचं हसू ओसरलं.

"अहो बाई, हे नुसतं दाखवायला असतं. तो कायदा केव्हाच गेला."

"मग आम्हाला कशाला दाखवता?" शाहेदा म्हणाली. "तुमचे साहेब आमच्याकडं येतात, तेही असंच काहीबाही दाखवतात आणि म्हणतात, शिका. शिकले मी."

लीसबेट क्राइनकडं वळली. सगळं स्वतःच्याच तोंडानं सांगून बसली होती ना! "क्राइन, तुम्ही तरी समजवा हिला."

क्राइन गुडघ्यावर बसून बांधाचं भोक बुजवत होता. बांधाला भोक म्हटलं की त्याच्या जिवाला घोर. माती नीट दाबून झाल्यावरच तो उठला.

"काय समजवू? मी रोवलं, हिनं उपसलं. एवढ्या लोकांनी बघितलं." मग शाहेदाकडं वळला. "कांदे या आठवड्यात काढायला हवेत, पोरी. पुढं पाऊस आहे."

"काढू की. आधी सभा."

"हां, आधी सभा." त्यानं गळ्यातलं परिषदेच्या सभासदाचं ओळखपत्र काढून तिच्या हातात ठेवलं. "पहिल्या रांगेत, खिडकीपाशी माझी खुर्ची. समोर माइक आहे, त्याचं लाल बटण दाबायचं. मी आजवर दाबलेलं नाही, पण चालत असेल."

"क्राइन!" लीसबेटचा आवाज चढला. "आणि तुम्ही कुठं बसणार?"

"माझं आता काय, लीसबेट? मी तर फावडं रोवून मोकळा झालो. बसेन मागं, या बाईच्या जागी."

शाहेदानं फावडं खांद्यावर टाकलं आणि ती बांध उतरू लागली. मधेच थांबून तिनं मागं पाहिलं.

"बसा, चाचा. पण हात वर करू नका हं. मी तीन दिवस करून बघितला. नुसता खांदा भरून येतो."