पाच कच्चे कप

हॉस्पिटलमधून फोन आला, माझी बायको गेल्याचं कळलं आणि घर माणसांनी भरलं. कुणीतरी खिडकीत ओळीनं ठेवलेल्या मातीच्या कपांतला एक घेऊन त्यात मला चहा दिला. मी तो तसाच धरून बसलो. थोड्या वेळानं कपाचा तळ सुटला आणि चहा मांडीवर सांडला. तिनं घडवलेले ते कप अजून भाजलेलेच नव्हते. सहापैकी पाच राहिले.

अंगणात पत्र्याच्या डब्यात गोवऱ्या आणि लाकडाचा भुसा रचून ती कप भाजायची, एवढंच मला माहीत होतं. ते भाजायला शिकवा म्हणून मी ते पाच घेऊन गल्लीतल्या कुंभारीण मावशींकडे गेलो.

“भाऊ, हे कपाटात ठेवा,” त्या म्हणाल्या. “आधी स्वतःचे करा, स्वतःचे फोडा.”

सहा महिन्यांत मी खूप फोडले. मावशी विचारायच्या, “आज कप केले की उखळ?” काल मात्र राखेतून एक अख्खा निघाला. त्यांनी बोटानं वाजवून पाहिला. टणकन वाजला.

“एकानं भागायचं नाही. एका खेपेला पाच अख्खे काढा, मग तिचे.”

आज नवी माती भिजत घातली आहे. तिचे कप अजून भाजायचे आहेत.